वर्गणीचा गतिरोधक घालण्याआधी रस्ता मोजा

प्रश्न असा आहे. पश्चिम महाराष्ट्रातलं लाख-सव्वा लाख वस्तीचं शहर. कॉलनीतला १२ मीटरचा रस्ता आधी खड्ड्यांचा डांबरी होता, दोन वर्षांपूर्वी काँक्रीटचा झाला. तेव्हापासून मुख्य रस्त्यावरचा सिग्नल चुकवायला सगळे इकडून घुसतात. याच रस्त्यावर एक शाळा, दोन क्लास आणि दूध डेअरी. गेल्या महिन्यात सकाळी दूध आणायला निघालेल्या एका आजोबांना दुचाकीनं उडवलं, खुब्याचं हाड मोडलं. अर्ज करून काही होत नाही म्हणून कॉलनीनं वर्गणी काढून चार ठिकाणी स्वतःच गतिरोधक घालायचं ठरवलंय. हे करावं का, आणि करू नये तर काय करावं?

मी एकतीस वर्षं वेगवेगळ्या नगरपरिषदांच्या बांधकाम विभागात काढली. कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, शहर अभियंता म्हणून निवृत्त झालो. गतिरोधक मागायला आलेली शिष्टमंडळं खूप पाहिली. बहुतेक अपघातानंतर आठ-दहा दिवसांत यायची, आणि त्यांच्यात कुणीतरी एकजण घडलेलं सांगताना मध्येच थांबायचा. तुमचा संताप मला पुरता कळतो. तरीही सांगतो, वर्गणीतून गतिरोधक घालू नका.

एक तर रस्ता नगरपरिषदेचा आहे. त्यावर परवानगीशिवाय उंचवटा केला आणि रात्री एखादी बाई मुलाला घेऊन त्यावरून पडली, तर जबाबदारी ज्यांनी पैसे गोळा केले त्यांच्यावर येते. त्याहून मोठं कारण म्हणजे तो गतिरोधक धड होणारच नाही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकात (आयआरसी ९९) गोल गतिरोधकाचं माप ठरलेलं आहे: वाहनाच्या दिशेनं लांबी ३.७ मीटर, मध्यावर उंची १० सेंटिमीटर, गोलाईची त्रिज्या १७ मीटर. म्हणजे बारा फूट लांब आणि चार इंच उंच, इतका सपाट. ताशी २५ किलोमीटरनं गेलं तर तो फारसा जाणवत नाही, पन्नासनं गेलं तर गाडी उचलते. मिस्त्री सहा पाट्या काँक्रीट ओतून जे करतो ते दीड-दोन फूट लांब आणि सहा इंच उंच टेंगूळ असतं. त्यावरून दहाच्या वेगानं गेलं तरी पाठीला दणका बसतो. गरोदर बाई, मणक्याचा रुग्ण, रुग्णवाहिकेतला माणूस या सगळ्यांना त्याची शिक्षा, आणि वेगात जाणारा पोरगा मात्र कडेनं निसटतो.

ते कडेनं निसटणं नीट बघा, कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पावसाचं पाणी तुंबू नये म्हणून गतिरोधकाच्या दोन्ही टोकांना गटाराकडे फूटभर, दोन फूट जागा मोकळी सोडतात. दुचाकीवाले वेग कमी न करता त्या फटीतून जातात. आणि तुमच्या कॉलनीत माणसं चालतात कुठून? गटाराच्या कडेनंच. म्हणजे ज्यांना वाचवायला गतिरोधक घातला, त्यांच्याच अंगावर आपण दुचाकी वळवली. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की गतिरोधक बघितला की माझी नजर आधी त्याच्या टोकांकडे जाते.

पिवळ्या-काळ्या प्लास्टिकच्या तयार पट्ट्यांची सूचनाही कुणीतरी करेलच. वर्षभरात तुकडे निघतात आणि रस्त्यात बोल्टांची टोकं उरतात. आणखी एक गोष्ट: ज्याच्या घरासमोर गतिरोधक येतो त्याच्या घरात रात्रभर रिकाम्या ट्रॉल्यांचा खडखडाट चालतो. सहा महिन्यांनी तोच माणूस पहार घेऊन उठतो. मी त्याला दोष देत नाही.

आता मूळ गोष्ट. तुमच्या रस्त्यावर लोक जोरात का जातात? माणसं बदलली नाहीत, रस्ता बदलला. पूर्वी खड्डे होते, कडेला खडी उघडी पडलेली होती, दोन्हीकडे दीड-दीड मीटर मातीची साइडपट्टी होती. आता गटारापासून गटारापर्यंत गुळगुळीत काँक्रीट आहे, सरळ, रिकामं. चालवणाऱ्याला समोर अडथळा दिसत नाही, म्हणून मनगट आपोआप पिळलं जातं. बोर्ड लावा, पत्रकं वाटा, रस्ता जे सांगतो तेच तो ऐकणार.

याचा पुरावा तुमच्याच कॉलनीत दरवर्षी भाद्रपदात मिळतो. गणपतीचा मांडव रस्त्याची एक बाजू अडवतो, उरतो पाच-साडेपाच मीटरचा तुकडा. त्या दहा दिवसांत तिथे काय होतं आठवा. येणारा-जाणारा थांबून एकमेकांना वाट देतो, मुलं रस्त्यावर खेळतात, म्हाताऱ्या माणसांच्या खुर्च्या बाहेर येतात. गतिरोधक नसतो, पोलीस नसतो. विसर्जनानंतर मांडव सुटला की आठवड्यात वेग परत. वाहतुकीचं शास्त्र जे सांगतं ते हा मांडव दरवर्षी करून दाखवतो: रुंदी कमी झाली की वेग उतरतो.

वेग किती उतरवायचा? ताशी ३० किलोमीटर हे लक्ष्य धरा. हा आकडा हवेतला नाही. माणसाला धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय जायला साधारण एक सेकंद लागतो. ३० च्या वेगात त्या सेकंदात गाडी ८.३ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर, कोरड्या रस्त्यावर, आणखी पाचेक मीटरमध्ये थांबते. एकूण तेरा-साडेतेरा मीटर. ५० च्या वेगात पहिल्याच सेकंदात ती १३.९ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे जिथे तिशीतली गाडी उभी राहिली, तिथे पन्नाशीतल्या गाडीचा ब्रेक अजून लागलेलाच नाही; ती पूर्ण वेगानं आदळते, आणि तिच्यातली ऊर्जा तिशीतल्या गाडीच्या पावणेतीनपट असते. २०२० साली स्टॉकहोमला रस्ता सुरक्षेची जागतिक परिषद झाली, तिच्या जाहीरनाम्यात जिथे पायी चालणारे आणि वाहनं एकत्र असतात तिथे कमाल ३० ची मर्यादा सुचवली, ती याच गणितावर. आपल्याकडे केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे पालिका हद्दीतल्या रस्त्यांवर कारला ७० आणि दुचाकीला ६० पर्यंत मुभा आहे. त्याहून कमी मर्यादा लावायचा अधिकार राज्याला आहे आणि ती स्वतंत्रपणे अधिसूचित करावी लागते. त्यामुळे '३०' चा बोर्ड रंगवून खांबाला टांगला तर त्याच्या जोरावर कुणाला दंड होत नाही.

आता टेप घ्या आणि रस्ता मोजा. १२ मीटर म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंतची हद्द. समोरासमोरच्या दोन कारना आरामात जायला ५.५ मीटर पुरतात. एका बाजूला वाहनं उभी करायला २ मीटर. पादचारी सुविधांच्या मानकात (आयआरसी १०३) फुटपाथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे, दोन्ही बाजूंची मिळून ३.६. बेरीज ११.१. उरले ९० सेंटिमीटर, ते विजेचे खांब आणि झाडांना. गटारावर चांगल्या फरशा टाकल्या की गटार फुटपाथाच्या खाली जातं, वेगळी जागा खात नाही. म्हणजे तुमच्या १२ मीटरमध्ये सगळं बसतं. बसत नाही ते फक्त ९ मीटर काँक्रीट, आणि ते कुणाला हवं होतं असंही नाही. अंदाजपत्रकात रस्त्याची रुंदी हाच सोपा आकडा असतो, तो जास्त धरला की काम मोठं दिसतं, उद्घाटन मोठं होतं.

हे मी बाहेरून बोलत नाही. नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत मीही असेच रस्ते केले. एका गावात बाजारपेठेला जोडणारा रस्ता आम्ही रुंद केला, कडेची चिंचेची झाडं काढली. गुळगुळीत, सरळ रस्ता. मोजमाप पुस्तिकेत शेवटची सही करताना मला खरंच अभिमान वाटला होता. पहिल्याच पावसाळ्यात तिथे भाजी विकणारी एक बाई ओलांडताना गेली. तिच्या मुलानं ऑफिसात येऊन एवढंच विचारलं, "साहेब, आधी रस्ता खराब होता तेव्हा असं होत नव्हतं, आता का होतं?" मला उत्तर देता आलं नाही. ते उत्तर शोधताना मी रस्त्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलो.

रुंदीनंतर कोपरे. गल्ली मुख्य रस्त्याला मिळते तिथली गोलाई आपण सर्रास ९-१० मीटर त्रिज्येची ठेवतो, "मोठी गाडी वळली पाहिजे" म्हणून. इतक्या गोलाईत दुचाकी वेग न तोडता आत शिरते. तीच गोलाई ४ मीटरवर आणली की वळताना वेग तोडावाच लागतो, आणि चालणाऱ्याला ओलांडायचं अंतरही कितीतरी कमी होतं. अग्निशमनच्या गाडीची काळजी रास्त आहे. त्यासाठी कोपऱ्यावर रस्त्यातून कमी केलेला भाग पेव्हर ब्लॉकचा, जेमतेम दोन इंच उंच करायचा. रोजच्या वाहनांना तो कडेसारखा वाटतो, बंब त्यावरून चढून जातो.

कोपऱ्यावरचा रस्ता किती कमी करता येईल हे ठरवायला सल्लागार लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये झाडलोट झाली नसेल अशा दिवशी चौकात उभे राहा. जिथून चाकं जातात तिथलं काँक्रीट स्वच्छ असतं, जिथून जात नाहीत तिथे माती आणि पाचोळा साचतो. ही धुळीची नक्षी म्हणजे वाहनांना न लागणाऱ्या जागेचा नकाशाच. खडूनं तिची कड आखा, फोटो काढा. मी एका चौकाचा आराखडा अशा फोटोवरूनच केला होता.

इथे एक इशारा. परदेशातली उदाहरणं वाचून काही जण सुचवतात की गल्लीच्या तोंडाशी खांब रोवा, कार बंद करा, दुचाकी आणि सायकल जाऊ द्या. पुण्या-मुंबईच्या काही गल्ल्यांत हे चालेलही. आपल्या गावांत वेगाचा प्रश्न मुख्यतः दुचाकीचाच आहे. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत ४४.५ टक्के दुचाकीवरची आणि १९.५ टक्के पायी चालणारी. म्हणजे मरणारही दुचाकीवरचाच, आणि तुमच्या आजोबांना पाडणारी गाडीही तीच. तेव्हा जो उपाय दुचाकीला लागू पडत नाही तो आपल्या कॉलनीत निम्मा फुकट. अरुंद रस्ता, घट्ट कोपरा आणि पूर्ण रुंदीचा उंच झेब्रा हे तिन्ही दुचाकीला लागू पडतात.

उंच झेब्रा म्हणजे काय ते सांगतो, कारण गतिरोधकाचं तुमचं मागणं खरं तर यात पूर्ण होतं. शाळेच्या फाटकासमोर १० सेंटिमीटर उंचीचा सपाट ओटा, वर तीन मीटर रुंद झेब्रा, दोन्हीकडे दीड-दीड मीटरचा उतार. तो फुटपाथापासून फुटपाथापर्यंत जातो, टोकाला फट नाही. पाणी जायला कडेला खालून पाइप किंवा जाळी. मूल खाली उतरत नाही, गाडी वर चढते. अलीकडे ४० मीटरवर सूचनाफलक, ओट्याच्या उतारावर थर्मोप्लास्टिकचे पट्टे आणि वर दिवा. दिवा नसेल तर ओटा करू नका. अंधारातला उंचवटा जीव घेतो. अख्ख्या रस्त्यावर असे दोन पुरे: एक शाळेपाशी, एक डेअरीपाशी. चार कशाला?

फुटपाथाबद्दल थोडं. आपण फुटपाथ फूटभर उंच करतो. गुडघे दुखणारी आजी तो चढत नाही, रस्त्यावरूनच चालते, आणि मग आपणच म्हणतो की लोक फुटपाथ वापरत नाहीत. मानकात उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको असं स्पष्ट आहे. प्रत्येक बंगल्याच्या फाटकासमोर फुटपाथ खाली उतरवून परत चढवतात, तेही चूक. फुटपाथ एका पातळीत राहावा आणि कार आत जाताना तिनं छोट्या उतारावरून चढावं. दिवसातून दोनदा जाणाऱ्या कारसाठी दिवसभर चालणाऱ्यांना डोंगर-दऱ्या कशाला? गटाराची एक फरशी जरी फुटलेली असली तरी पाय आत जाण्याच्या भीतीनं माणूस रस्त्यावर उतरतो. फरशा बदलणं हा वॉर्डाच्या किरकोळ दुरुस्तीच्या खर्चात बसणारा विषय आहे, त्याला सभेचा ठराव लागत नाही.

शाळेचं. फाटकासमोरची गर्दी बरीचशी पालकांचीच असते, हे पालकसभेत कुणीतरी बोललं पाहिजे. एका गावात आम्ही मुख्याध्यापिकांशी बोलून शाळेचं मागचं, गल्लीतलं फाटक सुटायच्या वेळी उघडायला लावलं. खर्च काहीच नाही, एक शिपाई वीस मिनिटं तिथे उभा. फाटक मुख्य रस्त्यावरच असेल तर त्याच्या समोर, फुटपाथाच्या कडेला चार-पाच मीटर लोखंडी कठडा लावा. सुटलेलं मूल सरळ रस्त्यात धावत नाही, वळून झेब्र्याकडे जातं. क्लासचं दुखणं वेगळं. तिथे पंधरा-सोळा वर्षांची मुलं स्कूटर घेऊन येतात. १६ पूर्ण झालेल्याला ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचंच लायसन्स मिळतं आणि दुकानातल्या बहुतेक पेट्रोल स्कूटर १०० सीसीच्या वरच्या असतात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते (कलम १९९अ). क्लासचालकांना हे कलम छापून भिंतीवर लावायला सांगा.

ऊस हंगामात, नोव्हेंबर ते मार्च, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कॉलनीतून जातात असं तुम्ही लिहिलंय. हाइट गेज (उंच वाहनं अडवणारी आडवी कमान) लावण्याची सूचना मला पटत नाही, बंब आणि मोठी रुग्णवाहिकाही त्यात अडकते. रस्ता तोंडाशी ५.५ मीटरवर आला आणि कोपरा घट्ट झाला की ट्रॅक्टरवाला स्वतःच बाह्यवळणाचा विचार करतो. तोवर कारखान्याच्या शेती विभागाला लेखी कळवा. वाहतूकदारांच्या टोळ्यांना मार्ग ठरवून देणं त्यांना जमतं, आणि ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर लावून घेणंही.

आता अर्जाकडे येऊ. "अर्ज करून काही होत नाही" याचं एक कारण मी टेबलाच्या पलीकडून सांगू शकतो. "वाहनं भरधाव जातात, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी" असा अर्ज आला की तो फायलीत जातो, कारण त्यावर करायचं काय हे कुणालाच कळत नाही. आकडे असलेला अर्ज बाजूला सारणं अवघड असतं.

आकडे असे काढा. रस्त्याच्या सरळ भागात ५० मीटर मोजून दोन आडव्या खडूच्या रेघा मारा. गाडीचं पुढचं चाक पहिल्या रेघेवर आलं की मोबाइलचं स्टॉपवॉच चालू, दुसऱ्या रेघेवर बंद. ६ सेकंद लागले तर वेग ३०, ४ सेकंद लागले तर ४५, ३ सेकंद लागले तर ६०. बाजूला, चालवणाऱ्याला दिसणार नाही असं बसा, नाहीतर तो तुम्हाला बघून हळू होतो. सकाळी क्लासच्या वेळी, शाळा सुटताना आणि रात्री नऊनंतर अशा तीन वेळांत प्रत्येकी १०० वाहनं मोजा. आकडे चढत्या क्रमानं लावून ८५ व्या गाडीचा वेग बघा. अभियंत्याच्या भाषेत रस्त्याचा वेग म्हणजे तोच. सरासरी लिहू नका, सरासरीत जोरात जाणारे लपतात. त्याच वेळी दुसऱ्या कुणीतरी रस्ता ओलांडणारी माणसं मोजावीत आणि ती कुठून ओलांडतात ते कच्च्या नकाशावर टिंबांनी दाखवावं. कॉलेजची चार मुलं एका रविवारी हे शिकतात.

आजोबांच्या अपघाताची पोलिसांत नोंद झाली का? तुम्ही ते लिहिलेलं नाही. आपल्याकडे गाडीवाला ओळखीचा निघतो, दवाखान्याचा खर्च देतो आणि प्रकरण मिटतं. मिटलेला अपघात सरकारी आकडेवारीत कधीच येत नाही. २०२१ पासून पोलीस अपघाताची जागा, वेळ, वाहन हे सगळं आयरॅड या संगणक प्रणालीत जागेवरून भरतात (आता तिचं नाव ई-डार). नंतर कुठे काम करायचं हे त्यावरून ठरतं. जिथे नोंद नाही तिथे, कागदावर, धोका नाही. मोठ्या मदतीची आशाही धरू नका: महामार्गावरच्या 'ब्लॅक स्पॉट'ची व्याख्या ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर किंवा प्राणांतिक अपघात, नाहीतर दहा मृत्यू अशी आहे. कॉलनीचा रस्ता त्यात बसत नाही, आणि बसेपर्यंत थांबायचंही नाही. म्हणून कॉलनीनं स्वतःची वही ठेवावी: तारीख, वेळ, जागा, काय घडलं, कोणती वाहनं. थोडक्यात चुकलेले प्रसंगही लिहा. नावं लिहू नका, त्यानं भांडणं होतात.

अर्जाआधी रस्ता कुणाचा ते पक्कं करा. कॉलनीचा लेआउट जुना असेल तर रस्ते नगरपरिषदेकडे हस्तांतरित झाले आहेत का ते बघा. झाले नसतील तर खर्च टाकताच येत नाही आणि वर्षानुवर्षं कुणी तुम्हाला खरं कारण सांगत नाही. मुख्य रस्त्यावरचा किलोमीटरचा दगड बघा: माथा पिवळा तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा तर राज्य महामार्ग. तसं असेल तर कॉलनीचा रस्ता त्याला जिथे मिळतो त्या तोंडाच्या कामाला त्या खात्याची संमती लागते.

मग माहिती अधिकारात, १० रुपये भरून, तुमच्या काँक्रीट रस्त्याचं अंदाजपत्रक, मंजूर छेदनकाशा (रस्त्याच्या रुंदीत कुठे काय येतं ते दाखवणारा) आणि दोष दायित्व कालावधी (ठेकेदारानं दोष स्वखर्चानं दुरुस्त करायची मुदत) मागा. तीस दिवसांत द्यावं लागतं. काम दोन वर्षांपूर्वीचं आहे, तेव्हा दोष दायित्व कालावधी कदाचित चालू असेल. कडेचा उंच-सखलपणा, फुटक्या फरशा, खचलेली चेंबरची झाकणं ठेकेदाराकडून फुकट होतात. छेदनकाशात फुटपाथ दाखवलेला असेल आणि जागेवर नसेल, तर तुमचं निम्मं काम तिथेच झालं. मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून कलम १९८अ आहे: रस्त्याचं संकल्पन, बांधकाम किंवा देखभाल मानकाप्रमाणे न केल्यानं मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर संबंधित यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अर्जात याचा उल्लेख एका ओळीत, सौम्य शब्दांत करा. धमकी दिली की समोरचा अधिकारी लेखी बोलणं बंद करतो.

मागणीत तीनच गोष्टी ठेवा: शाळेपाशी आणि डेअरीपाशी उंच झेब्रा, दोन कोपऱ्यांची गोलाई कमी करणं, एका बाजूला सलग फुटपाथ. सोबत मोजणीचा तक्ता, धुळीचे फोटो आणि टिंबांचा नकाशा. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, प्रती शहर अभियंता आणि पोलिसांच्या वाहतूक शाखेला, एक जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला. तो डिसेंबरच्या आत जाऊ द्या. नगरपरिषदेचं अंदाजपत्रक जानेवारी-फेब्रुवारीत तयार होतं; मार्चमध्ये आलेली चांगली सूचनाही पुढच्या वर्षावर ढकलली जाते.

पक्कं काम मागण्याआधी महिनाभराची चाचणी मागा. अधिकाऱ्याला ती मंजूर करणं सोपं जातं, कारण चुकलं तर उचलता येतं. रंगाचे पट्टे, ट्रॅफिक कोन, सुटे प्रीकास्ट कर्ब (कडेला लावायचे सिमेंटचे तयार ठोकळे) ठेवून कोपरे आणि रुंदी कमी करायची. प्रत्येक वस्तूला दोन्ही बाजूंनी चकाकणारी पट्टी हवी. सिमेंटनं भरलेले डबे आणि दगड अजिबात नकोत, रात्री आदळणारा दुचाकीस्वार त्यावर मरतो. महिन्यानंतर त्याच ५० मीटरमध्ये, त्याच वेळांत, पुन्हा १००-१०० वाहनं मोजा. ८५ व्या गाडीचा वेग पंचेचाळीसवरून पस्तिशीच्या आत आला तर तो तक्ता कुणाच्याही भाषणापेक्षा वजनदार आहे. नाही उतरला तर रुंदी अजून जास्त आहे, कोन आत सरकवा.

विरोध होईल, आणि तो आतून होईल. आज प्रत्येकाच्या दारात फुकट दोन गाड्या उभ्या राहतात. एका बाजूचं पार्किंग जाणार म्हटलं की वर्गणीला पुढे असलेले हात मागे जातात. कोणती बाजू जाणार हे कार्यकर्त्यांनी आधी ठरवू नका. सगळ्यांना रस्त्यावर बोलवा, खडूनं ५.५ मीटर, २ मीटर, १.८ मीटर प्रत्यक्ष आखून दाखवा, आणि त्या आजोबांच्या घरच्यांना शेजारी उभं करा. वर्षावर्षाला बाजू बदलायची असा तोडगा एका कॉलनीनं माझ्यासमोर काढला होता, आणि तो टिकला. डेअरीवाल्याला सकाळी दुचाकी लावायला आखलेली जागा द्या, त्याचा विरोध तिथेच संपतो.

आणि काही गोष्टींना कुणाची परवानगी लागत नाही, त्या याच आठवड्यात करा. कोपऱ्यावरचे वाढदिवसाचे फ्लेक्स काढायला लावा. गाडीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर कोपऱ्यापासून १० मीटरपर्यंत काही नको. तिथे उभ्या राहणाऱ्या चारचाकीच्या मालकाशी बोला, तो तुमच्यातलाच असणार. कुंपणाबाहेर आलेली बोगनवेल छाटा. बंद दिव्यांचे खांब क्रमांक लिहून विद्युत विभागाला द्या, डेअरीसमोरचा खांब पहिला, कारण आजोबा दूध आणायला निघतात ती वेळ हिवाळ्यात काळोखाची असते. वर्गणीचे पैसे जमले असतील तर ते टेप, खडू, कोन आणि चकाकणाऱ्या पट्ट्यांना लागतील. मोजणीचे आकडे हातात आले की मला कळवा, सोबत रस्त्याची भिंत-ते-भिंत रुंदी दर ३० मीटरवर मोजून पाठवा. कुठे कोपरा किती आत घ्यायचा ते मी आखून देतो.